दादासाहेब फाळके यांचा जीवनपरिचय आणि डोळ्यांचा एक धडा



३ मे जवळ आला की आपल्यापैकी बरेच जण वर्गात किंवा शाळेच्या ग्रुपवर दादासाहेब फाळके यांची माहिती टाकतात. मीही दरवर्षी टाकते. डी.एड.ला असताना माझा पहिला सराव पाठसुद्धा याच विषयावर होता. तेव्हा मी पाठाचा शेवट ठरलेल्या वाक्याने केला होता. जिद्द असेल तर माणूस काहीही करू शकतो. मार्गदर्शक मॅडमनी वहीवर चांगला शेरा दिला आणि मी खूश झाले.

दोन वर्षांपूर्वी माझ्या घरात एक गोष्ट घडली आणि हाच पाठ मला वेगळा दिसू लागला. म्हणून आज फाळके यांची ओळख जरा निराळ्या बाजूने करून देते. शेवटी वर्गात घेता येतील असे उपक्रमही दिले आहेत. लेख थोडा मोठा आहे, पण पूर्ण वाचा. तुमच्या घरातल्या एखाद्याचा डोळा त्याने वाचू शकतो.

थोडक्यात ओळख

पूर्ण नाव : धुंडिराज गोविंद फाळके
जन्म : ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर (जि. नाशिक)
ओळख : भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक
पहिला चित्रपट : राजा हरिश्चंद्र (१९१३)
मृत्यू : १६ फेब्रुवारी १९४४, नाशिक

बालपण आणि शिक्षण

धुंडिराज यांचे वडील संस्कृतचे विद्वान होते. पुढे त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याचं काम मिळालं आणि घर मुंबईला आलं. मुलाचा ओढा मात्र पोथ्यांकडे नव्हता. त्याला चित्रं काढायला आवडायची. १८८५ मध्ये त्याने सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नाव घातलं. तिथून पुढे तो बडोद्याच्या कलाभवनात गेला. तिथे चित्रकला तर होतीच, पण छायाचित्रण, छपाई, मातीकाम, साचेकाम असं हाताला वळण लावणारं बरंच काही होतं. फोटो काढायचे, काचेवर उतरवायचे, धुवायचे, हे सगळं धुंडिराज तिथे शिकले.

पालकहो, इथे एक क्षण थांबा. हा मुलगा आजच्या भाषेत एका जागी टिकणारा नव्हता. आज चित्र, उद्या कॅमेरा, परवा छापखाना. आपल्या घरात असा मुलगा असता तर आपण किती बोललो असतो! पण पुढे सिनेमा काढायला यातलं एकेक काम उपयोगी पडलं.

संकटं आणि नोकरी

शिक्षण झाल्यावर फाळके यांनी गोध्रा इथे फोटो स्टुडिओ काढला. धंदा जरा बसतो न बसतो तोच प्लेगची साथ आली. त्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावलं. दुकान बंद करून त्यांना गाव सोडावं लागलं. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. सासरी या पत्नीचं नाव सरस्वती ठेवलं गेलं. सरस्वतीबाईंचं नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

१९०३ मध्ये त्यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी लागली. पण तो काळ स्वदेशी चळवळीचा होता. १९०६ च्या सुमारास त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि छापखाना काढला. आधी लोणावळ्याला, मग मुंबईत दादरला. रंगीत छपाईची यंत्रं आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले. छापखाना नावारूपाला आला, पण भागीदारांशी पटेना. शेवटी चालता धंदा सोडून ते बाहेर पडले. वय चाळिशीचं, हाताला काम नाही, घरात बायको आणि मुलं. अशा वेळी माणूस काय करेल? फाळके सिनेमा बघायला गेले.

एका चित्रपटाने लावलेलं वेड

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. समोर पडद्यावर ख्रिस्ताची गोष्ट चालली होती, आणि फाळके यांच्या मनात राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या हालू-चालू लागली. आपली माणसं, आपल्या कथा अशा पडद्यावर कधी दिसतील, हा विचार त्यांना बसू देईना. ते पुन्हा पुन्हा तोच चित्रपट पाहायला गेले. घरच्यांनाही दाखवायला नेलं.

मग सुरू झाला अभ्यास. परदेशातून सिनेमाची पुस्तकं आणि किमतीची पत्रकं मागवली. एक लहान कॅमेरा आणि काही रिळं मिळवली. रात्री घरात अंधार करायचा, मेणबत्तीचा उजेड भिंगावर पाडायचा आणि भिंतीवर हलती चित्रं पाहायची. रोज चार-पाच तास चित्रपट. उरलेल्या वेळात वाचन आणि प्रयोग. झोप अगदी थोडी. असं महिनोन् महिने चाललं.

डोळ्यांपुढे अंधार

आता येतो तो भाग, जो आपण वर्गात एका वाक्यात उरकतो.

फाळके यांचे डोळे त्रास देऊ लागले. सांगणाऱ्यांनी त्यांना सावध केलं, पण त्यांनी लक्ष दिलं नाही. काम तसंच चालू ठेवलं. दुखणं वाढत गेलं आणि एक वेळ अशी आली की त्यांना जवळजवळ दिसेनासं झालं. विचार करा. चित्रकार, छायाचित्रकार, मुद्रक. ज्याचं सगळं पोट डोळ्यांवर, त्याचेच डोळे गेले. घरात उत्पन्न नाही. आणि ज्या पडद्यासाठी हे सगळं केलं, तो पडदाच दिसत नाही.

त्या वेळी मुंबईत डॉ. प्रभाकर नावाचे नेत्रतज्ज्ञ होते. फाळके यांच्यावर त्यांनी उपचार केले. एकाच चष्म्यावर भागलं नाही, तीन-चार वेगवेगळे चष्मे वापरावे लागले. हळूहळू नजर परत आली आणि फाळके पुन्हा कामाला लागले.

मित्रांनो, हाच प्रसंग मी कितीतरी वर्षं जिद्दीचा नमुना म्हणून सांगितला. बघा मुलांनो, डोळे गेले तरी माणूस थांबला नाही! आता मला वाटतं, मी अर्धीच गोष्ट सांगत होते. डोळे दुखत असताना काम चालू ठेवल्याने भारताला सिनेमा मिळाला नाही. सिनेमा मिळाला तो ते डॉक्टरांकडे गेले म्हणून, आणि उपचारांनी नजर परत आली म्हणून. दुखणं आणखी वेगळं असतं किंवा आणखी उशीर झाला असता, तर राजा हरिश्चंद्र त्यांच्या डोक्यातच राहिला असता.

माझ्या घरातली गोष्ट

हे मला कसं कळलं, ते सांगते. आम्ही वाशिम जिल्ह्यातले. माझे बाबा शेतकरी. दोन वर्षांपूर्वी ऐन ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी चालू होती. थ्रेशरजवळ उभं राहिलं की कुटार आणि धूळ सगळीकडे उडते, ते आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको. बाबांना डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगताना दिसू लागले. रात्री अंधारात त्याच डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं. दुखत काहीच नव्हतं, डोळा लालही नव्हता. त्यांना वाटलं, कचरा गेला असेल. पाणी मारलं. मेडिकलमधून एक ड्रॉप आणून टाकला. मजूर ठरलेले, थ्रेशर भाड्याचं, आभाळ भरून आलेलं. डोळ्यासाठी अकोल्याला जायला कोणाला वेळ होता?

एका डोळ्याचं दुखणं फसवं असतं, ते असं. दुसरा डोळा चांगला असतो आणि तो सगळं सांभाळून घेतो. बाबा मोटरसायकल चालवत होते, वावरात जात होते, पोती मोजत होते. त्यामुळे आम्हाला कोणालाच शंका आली नाही. दहा-बारा दिवसांनी तोंड धुताना उजव्या डोळ्यावर हात आला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की डाव्या डोळ्याने खालून वर काळा पडदा चढत आला आहे. तेव्हा कुठे त्यांनी मला फोन केला.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्याचा पडदा सरकला आहे. ऑपरेशन झालं. डोळा वाचला, पण नजर पूर्ण आली नाही. आज त्या डोळ्याने त्यांना माणूस उभा आहे एवढं दिसतं, चेहरा ओळखू येत नाही. ठिपके आणि चमक दिसली त्याच वेळी आला असता तर नजर बरीच जास्त वाचू शकली असती, असं डॉक्टर म्हणाले. बाबा काही बोलले नाहीत. घरी परत येताना गाडीत ते फक्त सोयाबीनला काय भाव मिळाला ते विचारत होते. मला मात्र माझा दरवर्षीचा पाठ आठवत होता. दुखणं अंगावर काढणाऱ्या माणसाचं कौतुक करायला मीच तर मुलांना शिकवत होते.

डोळा आणि कॅमेरा

मुलांना हे समजावून सांगायला फाळके यांचा कॅमेरा फार उपयोगी पडतो. कॅमेऱ्याच्या पुढे भिंग असतं आणि मागे फिल्म. डोळ्यातही पुढे पारदर्शक बुबुळ आणि आत भिंग असतं, आणि सगळ्यात मागे दृष्टिपटल असतं. त्यालाच आपण बोलीत डोळ्याचा पडदा म्हणतो. भिंगाचा नंबर बदलला तर चष्म्याने भागतं. भिंग पांढरं झालं, म्हणजे मोतीबिंदू झाला, तर ते बदलता येतं. पण मागचा पडदा किंवा तिथून मेंदूकडे जाणारी नस बिघडली, तर नवी बसवता येत नाही. म्हणून पडदा आणि नस यांच्या दुखण्यात एकेक दिवस, कधी कधी एकेक तास मोलाचा असतो.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. फाळके यांची गोष्ट ऐकून मुलांना वाटतं, जास्त बघितलं की डोळे जातात. डोळ्यांवर ताण आला की ते दुखतात, कोरडे पडतात, पाणी येतं, थोडा वेळ धूसर दिसतं. पण ते बहुधा दोन्ही डोळ्यांना होतं आणि विश्रांतीने कमी होतं. म्हणून अचानक एकाच डोळ्याने धूसर दिसू लागलं, तर मोबाईल बघून झालं असेल, झोप झाली नसेल, अशी समजूत घालून बसू नका. तो ताण नसण्याचीच शक्यता जास्त आहे.

लगेच, त्याच दिवशी डॉक्टरांकडे कधी जायचं?

- एका डोळ्याने अचानक धूसर किंवा कमी दिसू लागलं. दुखत नसलं तरी. दुखत नाही म्हणजे गंभीर नाही, असं मुळीच नाही.
- एकाएकी पुष्कळ काळे ठिपके, जाळं किंवा चमक दिसू लागली, किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं. ही पडदा सरकण्याची लक्षणं असू शकतात. चष्म्याचा मोठा उणे नंबर असलेल्यांनी, डोळ्याला मार लागलेल्यांनी आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनी जास्त जपावं.
- एका डोळ्याची नजर क्षणात गेली. पडद्याच्या रक्तवाहिनीत गाठ अडकली की असं होतं. तिथे पडदा काही तासांतच कायमचा निकामी होऊ शकतो.
- डोळ्यापुढे काही मिनिटं अंधारी आली आणि पुन्हा नीट दिसू लागलं. गेलं ते गेलं म्हणून सोडू नका. हा पक्षाघाताचा आधी मिळालेला इशारा असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.
- डोळा लाल, जोराचं डोकं दुखणं, मळमळ, दिव्याभोवती रंगीत वलयं. हा काचबिंदूचा अचानक आलेला झटका असू शकतो. घरी पित्त झालं म्हणून उपाय करत बसतात आणि डोळा जातो.
- डोळा फिरवताना दुखतं, रंग फिके दिसतात आणि नजर कमी होते. तरुणांमध्ये, विशेषतः महिलांमध्ये, नसेला सूज आल्याने असं होतं.
- वय पन्नाशीच्या पुढे, कानशिलाजवळ नवीन दुखणं, चावताना जबडा दुखणं आणि त्यासोबत धूसर दिसणं. यात दुसरा डोळाही जाऊ शकतो.
- मधुमेह किंवा रक्तदाब आहे आणि अचानक डोळ्यात धुकं किंवा लालसर-काळे डाग तरंगू लागले. डोळ्याच्या आत रक्तस्राव झालेला असू शकतो.

याबरोबर तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं असं काही दिसलं, तर डोळ्याच्या डॉक्टरांचा विचारच नको. थेट १०८ ला फोन करा. तो पक्षाघात आहे.

शेतात, घरात, शाळेत डोळ्याला इजा झाली तर

आपल्याकडे कुटार, तुरीची पाती, पऱ्हाटीची काडी डोळ्याला लागणं नेहमीचंच आहे. अशी ओरखड लहान वाटते, पण झाडपाल्याच्या इजेतून बुबुळात बुरशीची जखम होऊ शकते. डोळा चुरचुरत राहिला, लाल झाला, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला किंवा अंधुक दिसू लागलं, तर त्याच दिवशी दाखवा. घरात पडलेला जुना ड्रॉप टाकू नका. काही ड्रॉपमध्ये स्टिरॉइड असतं आणि बुरशीच्या जखमेवर ते आगीत तेल ओतल्यासारखं काम करतं. मध, तूप, गुलाबजल, आईचं दूध, काहीही नको.

तंबाखूसोबतची चुन्याची पुडी ही लहान मुलांच्या डोळ्यांची मोठी शत्रू आहे. मूल खेळता खेळता ती दाबतं आणि पिचकारीसारखा चुना थेट डोळ्यात उडतो. असं झालं तर दवाखान्याकडे धावण्याआधी धुणं महत्त्वाचं. डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याच्या धारेखाली किमान वीस ते तीस मिनिटं धुवा, मग निघा. फवारणीचं औषध, ॲसिड किंवा सोडा उडाला तरी हेच. चुना जाळतो, म्हणून लिंबू किंवा दुसरं काही टाकून तो मारायला जाऊ नका.

काटा, तार किंवा काच डोळ्यात रुतली असेल तर ती ओढू नका, डोळा धुऊ नका, चोळू नका. डोळ्यावर दाब येणार नाही असा कागदी पेला उलटा झाकून ठेवा आणि दवाखाना गाठा.

दवाखान्यात जाताना ज्याला कमी दिसतं त्याने स्वतः गाडी चालवू नये. त्रास कधी सुरू झाला, कोणती औषधं चालू आहेत, मधुमेह किंवा रक्तदाब आहे का, हे एका कागदावर लिहून न्या. वाशिमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात दाखवता येतं. पडद्याच्या ऑपरेशनसाठी बाहेर जावं लागलं तर कुठे जायचं, हे तिथेच विचारून त्याच दिवशी निघा. शेतीचा हंगाम आहे, परीक्षा आहे, लग्न आहे, ही कारणं नंतर कामाला येत नाहीत.

नजर परत आल्यावर फाळके यांनी काय केलं?

आता पुन्हा फाळके यांच्याकडे येऊ. नजर परत मिळाल्यावर त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून पैसे उभे केले आणि १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठलं. तिथे बायोस्कोप या साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी त्यांना मदत केली. सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ त्यांना आतून पाहायला मिळाला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन ते एप्रिलमध्ये परतले.

इथे भांडवल देणारे लोक विश्वास ठेवीनात. तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचं बी लावलं आणि ठरावीक अंतराने त्याचं एकेक चित्र घेत राहिले. बी फुटलं, कोंब आला, वेल वर चढला. महिनाभराची ही वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली आणि बघणारे थक्क झाले. विज्ञानाच्या तासाला हे जरूर सांगा.

आणि सरस्वतीबाई? कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रं पाडायची असत. हे काम अंधाऱ्या खोलीत, रात्री करावं लागे. सरस्वतीबाई ते शिकल्या. फिल्म धुणं, रसायनं मिसळणं हेही त्या करत. दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडे. दागिनेही कामी आले. चित्रपटात काम करायला स्त्रिया तयार होईनात, म्हणून ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले आणि फाळके यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला.

२१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निवडक लोकांना राजा हरिश्चंद्र दाखवला गेला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात तो सर्वांसाठी लागला. सुमारे ३,७०० फूट लांबीचा हा मूकपट होता. पुढे मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या स्त्रिया पडद्यावर आल्या. १९१७ च्या लंकादहनमध्ये साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. १९१९ च्या कालिया मर्दनमध्ये फाळके यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली.

नंतरचा काळ उताराचा होता. कंपनीत मतभेद झाले, बोलपट आले, खर्च वाढला. १९३७ मध्ये कोल्हापुरात त्यांनी गंगावतरण हा बोलपट केला. तो त्यांचा शेवटचा ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं. १९६९ पासून त्यांच्या नावाने भारत सरकारचा चित्रपटसृष्टीतला सर्वोच्च पुरस्कार दिला जातो.

आता एक गोष्ट मोजा. हे सगळे चित्रपट, हा पुरस्कार, ही कीर्ती, यातलं काहीही डोळ्यांच्या त्या दुखण्याआधीचं नाही. सगळं त्यानंतरचं आहे.

शिक्षकांसाठी उपक्रम

१. एक डोळा झाका : आठवड्यातून एकदा परिपाठानंतर मुलांना तळहाताने डोळा न दाबता झाकायला सांगा. आधी उजवा, मग डावा. दोन्ही वेळा फळ्यावरचं अक्षर सारखंच दिसतं का ते विचारा. वेळ दोन मिनिटं, खर्च शून्य. लहान मुलाचा एक डोळा कमजोर असेल तर ते स्वतः कधीच सांगत नाही. त्याला वाटतं, सगळ्यांना असंच दिसतं. अशा आळशी डोळ्यावर सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर फायदा सर्वांत जास्त होतो. म्हणजे हे वय आपल्याच वर्गात आहे. माझ्या वर्गात या दोन मिनिटांत गेल्या वर्षी एक मुलगी सापडली. आज ती चष्मा लावून दुसऱ्या बाकावर बसते.

२. सहा मीटरवरून वाचन : व्हरांड्यात सहा मीटर अंतर मोजून तक्ता लावा. ज्याला अडचण येते त्याचं नाव राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल तेव्हा आवर्जून द्या. मुलाला अचानक त्रास झाला असेल तर मात्र पथकाची वाट पाहू नका.

३. गणित : एक फूट फिल्मवर १६ चित्रं मावतात, तर ३,७०० फुटांवर किती? मुलं गुणाकार करतील आणि ५९,२०० हे उत्तर बघून डोळे विस्फारतील.

४. घरचा अभ्यास : मुलांनी घरी आजी-आजोबांचा एक-एक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगायचं. एका डोळ्याने कमी दिसलं तर आई-बाबांना सांगायचं.

शेवटी

आमच्या बाबांनी आता थ्रेशरवर जाताना साधा प्लॅस्टिकचा गॉगल घ्यायला सुरुवात केली आहे. मजुरांनाही घ्यायला लावतात. दर रविवारी सकाळी चहा पिताना ते एकदा उजवा आणि एकदा डावा डोळा झाकून अंगणातल्या कडुनिंबाकडे बघतात. डाव्याने नुसती हिरवी सावली दिसते, उजव्याने पानं दिसतात. पानं दिसली की ते मान हलवतात आणि कामाला लागतात.

यंदा ३ मे ला फाळके यांची गोष्ट सांगाल, तेव्हा मेणबत्ती, वाटाण्याची कुंडी, सरस्वतीबाई हे सगळं सांगाच. पण डॉ. प्रभाकर यांचे ते तीन-चार चष्मेही विसरू नका.

लेख उपयोगी वाटला तर आपल्या शाळेच्या पालक ग्रुपवर जरूर पाठवा.